वैकुंठरथ पुढच्या रस्त्याने

आमच्या खोलीत पाय पसरून झोपायच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. खोली एकच. तिच्यात आई, आप्पा, धाकटा भाऊ आणि मी, आणि निम्मी जागा विड्यांची. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूचा पाला, सुपातली तंबाखू, कात्री, दोऱ्याचं रीळ. आई उजाडल्यापासून मांडी घालून बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. तंबाखूचा खकाणा भाकरीत, अंथरुणात, आमच्या केसांत. शाळेत बाई माझ्या बाकाजवळ आल्या की रुमाल नाकाला लावायच्या. आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, त्यामुळे 'गावाकडं जातो' म्हणून रागावून निघून जायचीही सोय नव्हती. सोलापुरात आम्हाला जी जागा मिळाली ती गल्लीच्या शेवटी, ओढ्याला पाठ लावून. पावसाळ्यात ओढा घरात यायचा आणि उन्हाळ्यात त्याचा वास.

गरिबीवर लिहिणारे लोक फार गोड लिहितात. चुलीवरची भाकरी, आईचा पदर, समाधान वगैरे. असलं लिहिणाऱ्यांनी एक उन्हाळा आमच्या खोलीत काढायला हवा होता, पत्र्याखाली, विड्यांशेजारी. समाधान आमच्याकडे नव्हतं. आम्हाला तिथून बाहेर पडायचं होतं, एवढंच.

मग आप्पांना ड्रायव्हरची नोकरी लागली आणि आमच्या दारात मोटार आली.

साऱ्या गल्लीत तेव्हा कुणाकडे स्कूटर नव्हती, आणि आमच्या दारात लांबलचक स्टेशन वॅगन, परदेशी बनावटीची. पुढे घोड्यासारखं नाक, मागे खोलीएवढी जागा. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते वाचून ज्यांच्या डोळ्यांत चमक येते ती माणसं माझ्या अंगणात येऊन गेली आहेत, आणि मला ती पुन्हा नको आहेत.

ही गाडी एका कापडगिरणीच्या मालकाने स्टेशनवरून पाहुणे आणायला घेतली होती. पुढे तिचं इंजिन रडायला लागलं, बंगल्यावर नवी मोटार आली, आणि शेठजींना एकाएकी धर्म आठवला. मागची सीट काढली, साऱ्या गाडीला पांढरा रंग फासला, आणि मयत स्मशानात न्यायला म्हणून ती एका धर्मादाय संस्थेला दान केली. दोन्ही बाजूंना 'वैकुंठरथ' अशी अक्षरं, आणि त्याखाली दुप्पट मोठं शेठजींचं नाव. फोटो, हार, भाषण, सगळं झालं. गोरगरिबांनी मेल्यावर जन्मात पहिल्यांदा मोटारीत चढायचं, तेही देणगीदाराचं नाव अंगावर घेऊन. शेठजी स्वतः गेले तेव्हा त्यांच्यासाठी फुलांनी मढवलेला ट्रक आला. आप्पा त्या दिवशी गाडी धुऊन, नवा शर्ट घालून, बोलावण्याची वाट बघत बसले होते.

आज ती गाडी जुळे सोलापुरात माझ्या अंगणात उभी आहे. संस्थेने नवी व्हॅन घेतली, जुनी भंगारात काढली आणि मी उचलली. आणली तेव्हा तिच्या छतावर कडुलिंबाचा पाला कुजून माती झाली होती आणि त्या मातीत गवत उगवलं होतं. टेम्पोवरून उतरवताना शेजारच्या बाईंनी विचारलं, मॅडम, हे काय घेतलंत. मी सांगितलं, वडिलांची गाडी आहे. त्या म्हणाल्या, अय्या, म्हणजे तुमची घरची गाडी होती का. मी हो म्हणाले. घरचीच होती. दुसऱ्या कुणी ती दारात उभी करून घेतलीच नसती.

आप्पा आता काठी घेऊन चालतात, पण नजर चांगली आहे आणि हात थरथरत नाही. त्यांचं लायसन मी दर खेपेला न चुकता नवं करून आणते. चालवायला गाडी नव्हती तेव्हाही आणत होते. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. बोनेटवर पंजा टेकवला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर टेकवतात. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "चावी कुटंय?"

पहिल्यांदा पाणी मारलं तेव्हा गाडीखालून पाणी गुलाबी आलं. पत्र्याच्या सांध्यांत, बिजागऱ्यांत, काचेच्या रबरात इतक्या वर्षांचा गुलाल बसला होता. अंगणातून फाटकापर्यंत गुलाबी ओहोळ गेला आणि आई ओट्यावरून बघत राहिली. मग मॅटखाली लाह्या सापडल्या, ज्वारीच्या, काळ्या पडलेल्या. मयताच्या वाटेवर उधळतात त्या. झेंडूच्या पाकळ्या, कागदासारख्या. आणि मागचं दार उघडल्यावर तो वास. कापूर, ओला बांबू, उदबत्ती, पेट्रोल, जुनं रेक्झिन. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून ज्या वासात शिरायची तो वास. लोकांना आजोळच्या आंब्यांचा वास आठवतो म्हणे. मला हा आठवतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्या गाडीचं मागचं दार दोन भागांत उघडायचं. काच वर जायची आणि खालची फळी आडवी पडायची, साखळ्यांवर. तिरडी त्या फळीवरून आत सरकवायची. मयत नसेल तेव्हा ती फळी माझी. घरात विड्या, भावाची रड, स्टोव्हचा धूर. बाहेर ही पांढरी गाडी. मी खाली पोतं टाकून आत बसायची, वह्या फळीवर मांडायची. छताला एक पिवळा दिवा होता. दिवेलागणीपासून जेवणाची हाक येईपर्यंत तो माझा. बॅटरी उतरंल म्हणून आप्पा कुरकुरायचे आणि दिवा काही बंद करायचे नाहीत. गिरणीचा भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, सायकलींच्या घंटा ओढ्यापलीकडून जायच्या. गल्लीतलं एक पोर तिकडं फिरकायचं नाही. कुणी चेंडू मारायचं नाही, कुणी भांडायला यायचं नाही, कुणी वही मागायचं नाही. सोलापुरातल्या कुठल्याही वकिलाच्या मुलीला इतकी शांत अभ्यासाची खोली मिळाली नसेल. भीती वाटायची का, असं मला लोक विचारतात. भीती गल्लीतल्या माणसांची वाटायची. गाडीतल्यांनी मला कधी काही केलं नाही.

सकाळी आप्पा गाडी पुसायचे. आधी कडुलिंबाचा पाला टाकलेलं पाणी, मग कोरडं फडकं. नळाचं पाणी वापरायला गल्लीने मनाई केलेली. तेव्हाही पाणी रोज यायचं नाही, आणि मयतगाडीवर ते कोण घालवू देणार. म्हणून विहिरीवरून कावड. नळावर हंड्यांची रांग लागलेली असायची आणि आप्पा खांद्यावर कावड घेऊन तिच्यासमोरून जायचे, मान खाली घालून नाही, सरळ बघत.

त्यांच्या कामाच्या रीतीच वेगळ्या. मयताच्या घरी गेलं की पाणी मागायचं नाही, चहा मागायचा नाही. हॉर्न वाजवायचा नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण मयतगाडीवाल्याने 'येतो' म्हटलेलं कुणाला चालेल. त्यांची ती सवय इतकी मुरली की ते आमच्या मामाच्या घरून निघतानाही नुसतेच उठून चालू लागायचे. मामी म्हणायची, भावजींना माणुसकीच नाही.

गाडी मात्र बेरकी. थंडीत हमखास बंद पडायची, आणि ती नेमकी शोक भरात आला असताना. मग धक्का. पांढरे कपडे घातलेले मोठमोठे लोक, डोळ्यांत पाणी, नाकाला उपरणं, वाकून गाडी ढकलायचे. एकदा एका नगरसेवकाचं धोतर बंपरमध्ये अडकलं. आप्पा घरी येऊन हे सांगताना हसायचे नाहीत. आई विडीला दोरा गुंडाळत म्हणायची, "बरं झालं. जित्या मानसाला कदी धक्का दिला न्हाय, मेलेल्याला तरी दिला." आणि मग आम्ही सगळेच हसायचो, तोंडावर हात ठेवून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मयतगाडीवाल्याच्या घरात हसू ऐकू आलं तर गल्लीने त्याचंही काहीतरी काढलं असतं.

गल्लीचा एक नियम होता आणि मला या साऱ्या खटाटोपात जे हवं होतं ते त्या नियमामुळेच.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिचे मालक आण्णा. गल्लीत काय चालेल नि काय नाही हे आण्णा ठरवायचे, अंगावर पीठ घेऊन, भुतासारखे. त्यांनी ठरवलं की रिकामी मयतगाडी पुढच्या रस्त्याने आणायची नाही. रिकामी गाडी दारावरून गेली की ती कुणाला तरी घेऊन जाते, असं त्यांचं म्हणणं. आत मयत असेल तर हरकत नाही, तिचं पोट भरलेलं असतं. म्हणून भरली गाडी पुढून आणि रिकामी मागून, ओढ्याच्या कडेने, चिखलातून. आप्पा घरी यायचे ते कायम रिकामेच. त्यामुळे आमच्या दारापर्यंत यायला त्यांना रोज गल्लीला वळसा घालावा लागायचा. पावसाळ्यात चाक रुतायचं. मग आई विड्या टाकून यायची, भाऊ आणि मी यायचो, आणि आम्ही ढकलायचो. पलीकडे पुढचा रस्ता चांगला फरशीचा, कोरडा, मोकळा. त्यावर कुत्री झोपलेली असायची.

मग आण्णांची आई वारली. पहाटे आण्णा आमच्याकडे आले, ओढ्याच्या बाजूने, धोतर वर धरून. आप्पा तसेच निघाले. म्हातारीला घेऊन गाडी पुढच्या रस्त्याने गेली, आण्णा आप्पांच्या शेजारी पुढे बसले होते. स्मशानातून परतताना ते कोपऱ्यावर उतरले. आप्पांना वाटलं, आज तरी. गाडी सरळ घ्यायला त्यांनी गिअर टाकला. आण्णांनी मागे वळून हात केला, ओढ्याकडे. जशी म्हैस वळवतात तसा हात.

तो हात मी पाहिला, मी कोपऱ्यावर दळणाचा डबा घेऊन उभी होते. आण्णा आता नाहीत. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. मी मेलेल्यांच्या गाडीत वाढले आहे, मला ती सवलत आहे. तो माणूस कोता होता.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कुणी कॉलेज पुरं केलं होतं. आईने गल्लीत पेढे वाटले. लोकांनी ते हातात घेतले, चांगलं झालं म्हणाले, आणि तोंडात घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या ओढ्यात पेढ्यांवर मुंग्या होत्या. पुढे मी सरकारी कचेरीत हिशेब खात्यात लागले, परीक्षा देत देत अधिकारी झाले, हे घर बांधलं, आई-आप्पांना इकडे आणलं. मला बघायला आलेल्या मंडळींपैकी काही जण वडील काय करतात हे कळल्यावर चहा अर्धा ठेवून गेले. मी लग्न केलं नाही, पण त्याचं कारण गाडी नाही. लोकांना तसं वाटतं, वाटू दे.

तर मला हवं होतं ते एवढंच. ही गाडी सुरू व्हावी, आणि आप्पांनी ती भर दिवसा, मयत नसताना, त्या गल्लीतून पुढच्या रस्त्याने चालवावी. गल्लीने बघावं. मला त्यांचं चांगलं मत नको होतं. त्यांची तोंडं बघायची होती.

गाडीचं काम सारा हिवाळा आणि उन्हाळ्याचा पुष्कळसा भाग चाललं. खालचा पत्रा चाळणी झालेला, तो कापून नवा टाकला. इंजिनाचं काम सलीमभाईंनी केलं. ते बोनेटमध्ये डोकं घालून बोलतात, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं इंजिनालाच ऐकू येतं. एकदा डोकं बाहेर काढून म्हणाले, "मॅडम, ये गाडी मुर्दों से नै डरती, कार्बुरेटर के कचरे से डरती." रंगाचं काम मात्र मी स्वतः करायचं ठरवलं. रविवारी आणि कचेरीतून आल्यावर. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. पांढऱ्याच्या खाली पिवळट पांढरा, त्याखाली राखाडी, त्याखाली गिरणीमालकाच्या वेळचा गर्द हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. एकेक थर उतरताना नखांत वेगळा रंग जायचा. शेठजींचं नाव मी एका बैठकीत घासून काढलं. आई जेवायला हाका मारत होती आणि मी उठले नाही. इतकं समाधान मला पदवी घेतानाही झालं नव्हतं.

'वैकुंठरथ' ही अक्षरं घासायला घेतली तेव्हा आप्पा काठी टेकत आले.

"ती ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, आप्पा, आता ती गाडी कुठं मयताची आहे.

"हुती की. खोटं कशाला सांगायचं?"

म्हणून हिरव्या गाडीवर पांढरी अक्षरं राहिली. पेंटरकडून मी ती नव्याने रंगवून घेतली, जुन्याच वळणाची.

याच सुमारास जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींना वास लागला. एक डॉक्टर आले, बरोबर चकचकीत कपड्यांतली दोन माणसं. बोनेटवरून हात फिरवला, आहा म्हणाले, ओहो म्हणाले. खाली वाकून, गुडघे टेकून, चाकांशी बोलले. आमच्या आईला त्यांनी नमस्कार केला नव्हता, चाकाला केला. मग अक्षरांपाशी थबकले. वर्षातून एकदा त्यांचा गाड्यांचा मोठा मेळा भरतो आणि त्यात ही गाडी सगळ्यांत पुढे ठेवायची त्यांची तयारी होती. फक्त तेवढी अक्षरं काढा म्हणाले. कुठल्यातरी संस्थानची शिकारीची गाडी होती असा फलक लावू, लोकांना आवडतं. मी विचारलं, कुठल्या संस्थानची. ते म्हणाले, ते बघू हो, आपल्याकडे संस्थानं काय कमी होती. मी त्यांना सांगितलं की या गाडीतून शहरातली निम्मी जुनी घरं स्मशानात गेली आहेत, तुमचीही माणसं गेली असतील. डॉक्टरांनी बोनेटवरचा हात काढला आणि पँटला पुसला. चहा ठेवला होता, तो घेतला नाही. जुन्या काळावर प्रेम असलेली माणसं ही अशी असतात. त्यांना काळ हवा असतो, धुऊन पुसून, त्यात राहिलेली माणसं नको असतात.

मे महिन्याच्या शेवटी गाडी सुरू झाली. आवाज तोच, आधी खोकला, मग घरघर, मग एकसारखी धडधड. आईने घरातून बाहेर येऊन पदर डोक्यावर घेतला, सवयीने. मी आप्पांना म्हटलं, रविवारी सकाळी गल्लीत जायचं. पुढच्या रस्त्याने. तुम्ही चालवायची.

ते नाही म्हणाले.

मला वाटलं वयामुळे. मी म्हटलं, मी शेजारी बसते. ते म्हणाले, तसं न्हाय. रिकामी गाडी पुढून न्यायची न्हाय.

ज्या नियमावर मी इतकी वर्षं दातओठ खात होते तो नियम माझ्या बापाच्या पोटात निघाला. मी पुष्कळ बोलले. आण्णांनी आपल्याला चिखलातून फिरवलं, ते खुळचट होतं, तुम्ही ते खरं मानत होता का. आप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आण्णा गेला खड्ड्यात. मी किती घरातनं मानसं उचलली म्हाईत हाय का तुला? लहान लहान लेकरं उचलली. लोकं भ्यायची ती उगंच न्हाय भ्यायची. कुनाच्या दारावरनं रिकामी गाडी न्यायची आन त्याच्या घरात दुसऱ्या दिशी काय झालं, तर ते माज्या डोक्यावर. मला नगं."

"मी एवढी शिकले आप्पा, आणि तुम्ही अजून..."

"शिकलीस की. मी कुटं न्हाय म्हनलो. पर गाडी मी चालवायची म्हनतीस न्हवं?"

पुढचे काही दिवस घरात बोलणं बंद. गाडी अंगणात तयार, हिरवी, ओली असल्यासारखी चमकणारी, आणि मी तिच्याकडे न बघता कचेरीत जात होते. गल्लीचा राग होताच, आता त्यात आप्पाही आले. अडाणीपणा असा जातच नाही की काय, माणसाच्या अंगातून काढला तरी तळाशी गुलालासारखा राहतो की काय, असले विचार.

शेवटी आई बोलली. ती आता विड्या वळत नाही, पण बोटं अजून आपोआप वळत असतात, रिकाम्या पदराचं टोक घेऊन. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिकामी न्यायची न्हाय म्हनत्यात तर भरा की. मयतच पायजे असं कुटं लिवलंय?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"मी बसते म्हागं," आई म्हणाली. "इतकी वर्सं दारात गाडी, मला कुनी बस म्हनलंय का?"

ही गोष्ट खरी होती. आई त्या गाडीत कधी बसली नव्हती. तिने ती फक्त ढकलली होती.

मागे सीट नव्हती, शेठजींनीच काढलेली. मी नवी करून घेतली. लाकडी चौकट, काथ्याची गादी, वर तपकिरी रेक्झिन. जिथे तिरडी ठेवत तिथे दोन आडव्या सीटा. रेक्झिनचा नवा वास कापरावर चढला, पण पुरता नाही. भावाला बोलावलं. तो बायको आणि मुलींना घेऊन आला. मुली मागच्या फळीवरून आत चढल्या आणि फोटो काढू लागल्या. त्यांना सगळं सांगितलेलं होतं. धाकटी म्हणाली, "आत्या, म्हणजे इथं भूत असेल?" भाऊ म्हणाला, "असेल तर सरकून बस म्हणावं."

रविवारी सकाळी निघालो. आप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. काठी आईच्या हातात. जुनी गिरणी आता बंद, चिमणी तेवढी उभी, भिंतीवर पिंपळ. भोंग्याची वेळ झाली आणि भोंगा झाला नाही. रस्ते रुंद झालेत, पण गल्लीचा कोपरा तोच. तिथे आप्पांनी गाडी हळू केली. ओढ्याकडे जाणारी वाट आता सिमेंटची आहे. त्यांचा हात स्टिअरिंगवर जरा तिकडे गेलाही. मागून आईचा आवाज आला, "सरळ घ्या."

त्यांनी सरळ घेतली.

गल्ली बघायला बाहेर आली. जुनी माणसं थोडीच राहिलीत, पण जी राहिलीत त्यांना अक्षरं ओळखता आली. एका म्हातारीने दार लोटून घेतलं. खरंच घेतलं, मी पाहिलं. मी जी तोंडं बघायला आले होते ती ही. काही हसली, काही पडली, एक-दोघांनी टोप्या काढल्या. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. वाटलं, पण थोडं.

पिठाच्या गिरणीसमोर आण्णांचा मुलगा बाळू उभा होता. माझ्या वर्गातला. आता तोही पिकला आहे, गिरणी तोच चालवतो, अंगावर तेच पीठ. त्याने हात जोडले आणि गाडीजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "आप्पा, मयत कुनाचं?"

आप्पांनी गाडी थांबवली. मी खिडकीतून त्याला बरंच काही सुनावणार होते. तयार करून आणलं होतं, कितीतरी वर्षं. पण आप्पा माझ्याआधी बोलले.

"कुनाचं न्हाय. फिरायला निघालोय. येतोस का?"

बाळूने मागे बघितलं. आत माझी आई, भाऊ, भावजय, मुली, मोबाईल. आई सरकली आणि बाजूच्या सीटवर हात आपटून तिने जागा दाखवली. बाळू गिरणीकडे बघत राहिला. आत पट्टा फिरत होता, कुणाचं तरी दळण चालू होतं. मग त्याने अंगावरचं पीठ झटकलं, चपला गिरणीच्या पायरीवर काढून ठेवल्या आणि अनवाणी मागच्या फळीवरून आत चढला. कुणीतरी ओरडलं, बाळूशेठ, कुठं निघालात. तो म्हणाला, आप्पा नेतील तिकडं.

मी त्याच्या बापाला माफ केलेलं नाही आणि करणार नाही. बाळूशी मी सारा रस्ताभर बोलले नाही. पण आप्पांनी पुढच्या दारातही गाडी हळू केली, आणि त्याच्या पुढच्या. दोन बायका मांडीवर पोरं घेऊन चढल्या. एक माणूस दात घासत होता तो तसाच चढला. गाडी जड झाली, इंजिनाचा आवाज खाली गेला, आणि आप्पांनी गिअर टाकून ती फरशीच्या रस्त्यावरून आमच्या जुन्या दारापर्यंत नेली.

माझे वडील चालवत होते. गाडी गच्च भरली होती, आणि आतली सगळी माणसं जिवंत होती.